पाळीत दुखतंच, पण किती?

शाळेचा हजेरीपट चार-पाच महिन्यांचा एकत्र ठेवून पाहिला, तर आठवी ते दहावीच्या वर्गांत काही मुलींच्या नावापुढे एक ठरावीक नक्षी दिसते. महिन्यातून एक दिवस, कधी दोन, कधी तीन दिवस लागोपाठ गैरहजेरी. मग २८-३० दिवस नियमित उपस्थिती. पुन्हा तीच गैरहजेरी. कारणाच्या चिठ्ठीवर ‘बरं नव्हतं’ किंवा ‘पोटात दुखत होतं’. वर्गशिक्षिकेला खरे कारण ठाऊक असते, वर्गशिक्षकाला अंदाज असतो. घरी आईला माहीत असते, आजीला माहीत असते. इतक्या जणांना माहीत असलेली ही गोष्ट डॉक्टरच्या टेबलापर्यंत मात्र वर्षानुवर्षे पोहोचत नाही. पोहोचली, तर केसपेपरवर ‘पाळीची पोटदुखी’ एवढे दोन शब्द लिहून, पाच गोळ्या देऊन तिचा निकाल लावला जातो.

हे दोन शब्द म्हणजे निदान नाही. खोकला हे जसे निदान नाही, तसेच. खोकला साध्या सर्दीचा असू शकतो आणि क्षयाचाही. दोन आठवडे खोकला राहिला तर थुंकी तपासायची, हे आता गावातल्या आशाताईंनाही पाठ आहे. पाळीच्या दुखण्याला अशी कोणतीही मुदत आपल्याकडे ठरलेली नाही. ते दर महिन्याला येते आणि आपोआप जाते, त्यामुळे प्रत्येक वेळी ते ‘या वेळचे’ वाटते. तीन वर्षांत छत्तीस वेळा आलेले दुखणे छत्तीस वेगवेगळ्या दुखण्यांसारखे विसरले जाते.

आधी साधे दुखणे कसे असते ते पाहू. बीज बाहेर पडल्यानंतर गर्भधारणा झाली नाही की प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची पातळी खाली येते आणि गर्भाशयाच्या आतले अस्तर सुटू लागते. या वेळी अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने बाहेर पडतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचे स्नायू आवळले जातात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, स्नायूंना होणारा रक्तपुरवठा काही काळ कमी पडतो आणि कळा येतात. हीच रसायने आतड्यांवरही काम करतात, म्हणून पाळीच्या पहिल्या दिवशी मुलींना मळमळते, उलटी होते, जुलाब होतात, डोके दुखते. ही नाटके नव्हेत. ज्या मुलीच्या अस्तरात ही रसायने जास्त तयार होतात तिला जास्त दुखते. ‘एकीला दुखतं आणि दुसरीला नाही, म्हणजे पहिलीच नाजूक’ या घरगुती तर्काला काही आधार नाही.

या साध्या दुखण्याची एक चाल असते. पहिली पाळी आल्यानंतरचे काही महिने बीज नियमित बाहेर पडत नाही, त्यामुळे त्या काळात बहुधा फारसे दुखत नाही. पाळी सुरू झाल्यावर सहा महिने ते दोन वर्षांच्या आसपास कळा सुरू होतात. रक्तस्राव सुरू होण्याच्या काही तास आधी किंवा सोबतच दुखू लागते, पहिल्या दिवशी सर्वांत जास्त आणि दोन-तीन दिवसांत संपते. मधल्या काळात मुलगी ठणठणीत असते. असे दुखणे फार मोठ्या प्रमाणावर आढळते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ३८ अभ्यासांतील २१ हजार ५७३ तरुण मुली व स्त्रियांची माहिती एकत्र केली होती. त्यांतील ७१ टक्के जणींना पाळीत वेदना होत होत्या आणि सुमारे २० टक्के जणींची शाळा किंवा कॉलेज त्यापायी बुडत होते. पहिल्या आकड्यावरून ‘बहुतेकींना दुखतंच’ असे म्हणता येईल. पण म्हणून दुसरा आकडा सोसण्यासारखा ठरत नाही. दातही बहुतेकांचे किडतात. म्हणून कोणी दात दुखत असताना परीक्षेला बसवत नाही.

साध्या दुखण्यावर औषध आहे, स्वस्त आहे आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड, नॅप्रोक्सेन ही औषधे प्रोस्टाग्लँडिन तयार होणेच कमी करतात. इथेच एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट सुटते. ही औषधे रसायन तयार व्हायच्या वेळी पोटात असायला हवीत. आपल्याकडे मुलगी सकाळपासून कळा सोसते, दुपारी अगदी गडबडा लोळायला लागली की आई एक गोळी देते, तोवर रसायनांचा पूर येऊन गेलेला असतो. गोळीने फरक पडत नाही, आणि ‘हिला गोळी लागू पडत नाही’ असा शेरा कायमचा बसतो. खरी पद्धत अशी: पाळीची चाहूल लागताच, पाळी नियमित असेल तर आदल्या दिवसापासूनच, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत, काहीतरी खाऊन, ठरलेल्या तासांनी दोन-तीन दिवस गोळी घ्यायची. अशी दोन-तीन पाळ्या घेऊन पाहिल्याशिवाय औषध फसले असे म्हणू नये.

या गोळ्यांनी पुढे मूल होत नाही, त्यांची सवय लागते, ‘गर्भाशय कमजोर होतं’ या तिन्ही समजुती चुकीच्या आहेत. महिन्यातून दोन-तीन दिवस घेतलेल्या वेदनाशामकाने यांतले काहीच होत नाही. औषध निर्धोक आहे असा याचा अर्थ नाही. पोटात व्रण असलेली, मूत्रपिंडाचा विकार असलेली, अशा गोळीने दमा उठणारी मुलगी असेल तर ती टाळायची. पावसाळ्यात अंगात ताप असताना पाळी आली आणि डेंग्यूची शंका असेल, तर या गटातली गोळी नको, पॅरासिटामॉल बरे. मेफेनॅमिक अ‍ॅसिडबाबत भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३ च्या अखेरीस एक इशाराही दिला होता: क्वचित कोणाला औषध सुरू केल्यावर काही आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणे अशी गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते. तसे काही दिसले तर औषध बंद करून दवाखाना गाठायचा. त्या बातमीनंतर अनेक घरांतून गोळीच हद्दपार झाली, हे मात्र अति झाले. आणि शेक? तो आजीचा म्हणून मागे टाकू नये. गरम पाण्याच्या पिशवीने कळा कमी होतात, हे पद्धतशीर अभ्यासांतूनही दिसले आहे. ओव्याच्या पाण्याने बरे वाटत असेल तर तेही जरूर प्यावे. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

खरा प्रश्न पुढे सुरू होतो. गोळ्या नीट घेऊनही तीन महिन्यांत फरक पडत नसेल. दुखणे दर महिन्याला वाढत असेल. पाळीच्या आधी आठवडाभर किंवा पाळी संपल्यावरही ओटीपोट दुखत असेल. पाळीच्या दिवसांत शौचाला किंवा लघवीला त्रास होत असेल. दुखण्यापायी शाळा, खेळ, झोप बुडत असेल, तर आता ‘पाळीत दुखतंच’ हे वाक्य बाजूला ठेवायला हवे. अशा वेळी ज्या आजाराचा विचार आधी व्हायला हवा आणि सहसा शेवटी होतो, तो म्हणजे एंडोमेट्रिऑसिस.

या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात: बीजांडकोशावर, गर्भाशयाच्या मागच्या खोलगट भागात, आतड्याच्या किंवा मूत्राशयाच्या आवरणावर. संप्रेरकांच्या चढउतारांना त्या प्रतिसाद देतात, तिथे दाह होतो, कालांतराने व्रण पडतात आणि अवयव एकमेकांना चिकटू लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरात सुमारे १९ कोटी स्त्रिया व मुलींना हा आजार आहे. या पेशी तिथे पोहोचतात कशा, याबद्दल अमेरिकेतील ऑल्बनीचे स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्पसन यांनी १९२० च्या दशकात मांडलेला विचार अजून टिकून आहे: पाळीचे थोडे रक्त गर्भनलिकांमधून उलटे पोटात जाते आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात. गंमत अशी की असे उलटे रक्त बहुतेक सगळ्याच स्त्रियांमध्ये जाते. रुजते मात्र थोड्याजणींमध्ये. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, प्रतिकारयंत्रणेचाही असावा.

वैद्यकीय शिक्षणात हा आजार बराच काळ ‘तिशीतल्या, मूल न होणाऱ्या बाईचा’ म्हणून शिकवला गेला. पाठ्यपुस्तकातले चित्रही तेच: बीजांडकोशात जुन्या रक्ताने भरलेली चॉकलेटच्या रंगाची गाठ. ते चित्र डोळ्यांसमोर ठेवून चौदा वर्षांच्या मुलीची सोनोग्राफी केली, तर ती बहुधा ‘नॉर्मल’च येणार. आजार नवा असताना गाठ झालेली नसते. पोटाच्या आवरणावर बारीक ठिपके असतात आणि ते सोनोग्राफीत दिसत नाहीत. दुर्बिणीतून पाहिले तरी किशोरवयात ते निळेकाळे नसून पारदर्शक किंवा लालसर असतात, सराव नसलेल्या नजरेला सहज हुलकावणी देतात. म्हणजे सोनोग्राफीचा कोरा रिपोर्ट गाठ नाही एवढेच सांगतो, आजार नाही असे सांगत नाही. तरीही तो रिपोर्ट हातात घेऊन ‘काही नाही, मनाचं आहे’ असे मुलीला सांगितले जाते. त्या वाक्यानंतर ती पुढची काही वर्षे परत येत नाही. लक्षणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत चार ते बारा वर्षे जातात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांतली बरीचशी वर्षे या एका वाक्याच्या खात्यात जमा करावी लागतील.

अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने डिसेंबर २०१८ मध्ये किशोरवयीन मुलींसाठी स्वतंत्र मार्गदर्शन काढले. त्यात म्हटले आहे की वेदनाशामके आणि संप्रेरकांच्या गोळ्या दोन्ही देऊनही ज्या मुलींचे दुखणे थांबत नाही, त्यांची दुर्बिणीने तपासणी केली तर किमान दोन तृतीयांश मुलींमध्ये एंडोमेट्रिऑसिस सापडतो. आकडा नीट वाचायला हवा. पाळीत दुखणाऱ्या सगळ्या मुलींपैकी दोन तृतीयांश, असा तो नाही. सगळे साधे उपाय करून थकलेल्या मुलींपैकी तो आहे. पण तशा मुलींना ‘मनाचं आहे’ म्हणणे किती चुकीचे ठरू शकते, हे दाखवायला पुरेसा आहे.

घरातली दोन वाक्ये इथे तपासून घ्यायला हवीत. पहिले, ‘मलाही असंच व्हायचं.’ आई हे धीर द्यायला म्हणते. डॉक्टरने मात्र ते ऐकताच कान टवकारायला हवेत. आई किंवा सख्ख्या बहिणीला एंडोमेट्रिऑसिस असेल तर मुलीला तो होण्याची शक्यता बरीच वाढते. आईला लग्नानंतर मूल व्हायला वेळ लागला का, तिची कधी गाठ काढली का, मावशीची पिशवी लवकर काढली का, हे प्रश्न तिथेच विचारायचे. आईच्या काळी नाव मिळाले नव्हते म्हणून आजार नव्हता असे नाही.

दुसरे वाक्य, ‘लग्न झालं, मूल झालं की थांबेल.’ हे फक्त आपल्याच आजीचे वाक्य आहे असे समजू नये. १९४० च्या दशकात बॉस्टनचे नामवंत स्त्रीरोगतज्ज्ञ जो मीग्स हेच सांगत होते: सुशिक्षित, सुस्थितीतल्या स्त्रिया उशिरा लग्न करतात म्हणून एंडोमेट्रिऑसिस वाढतो, लवकर लग्न आणि लवकर मुले हा त्यावर उपाय. आज हा विचार कोणी जबाबदार डॉक्टर मांडत नाही. साध्या पाळीच्या कळा बाळंतपणानंतर पुष्कळजणींच्या कमी होतात, एवढे खरे. गरोदरपणात पाळी नसते, म्हणून एंडोमेट्रिऑसिसचे दुखणेही काही काळ शांत राहू शकते. पण गरोदरपण म्हणजे या आजारावरचे औषध नव्हे. ज्या आजारात काहीजणींना मूल होणेच कठीण जाते, त्यावर मूल हाच उपाय सांगणे क्रूर आहे. आणि ज्या राज्यात अजूनही काही जिल्ह्यांत मुली अठराच्या आत बोहल्यावर चढतात, तिथे अशा सल्ल्याची किंमत दहावीच्या वयाची मुलगी मोजते.

एक वेगळा, कमी आढळणारा, पण चुकवू नये असा प्रकार आहे. मुलगी चौदा-पंधराची झाली, शरीराची वाढ व्यवस्थित आहे, पाळी आलेली नाही, आणि तरी दर महिन्याला तीन-चार दिवस ओटीपोट दुखते. कधी लघवीच अडते म्हणून तिला रात्री दवाखान्यात आणतात. अशा मुलीचा योनीमार्गाचा पडदा पूर्ण बंद असू शकतो आणि पाळीचे रक्त आत साठत असते. छोट्या शस्त्रक्रियेने मोकळे होते. याहून फसवा प्रकार म्हणजे गर्भाशय जन्मतः दोन भागांत असणे आणि एकाच बाजूची वाट बंद असणे. दुसऱ्या बाजूने पाळी येत असल्याने संशय येत नाही. दुखणे मात्र पहिल्या-दुसऱ्या पाळीपासूनच तीव्र, बहुधा एका बाजूला, महिन्यागणिक वाढणारे. यांतल्या पुष्कळ मुलींना त्या बाजूचे मूत्रपिंडही नसते, म्हणून सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनी अशा वेळी दोन्ही मूत्रपिंडे मुद्दाम पाहावीत. रक्त अडून उलटे पोटात जात राहिले तर एंडोमेट्रिऑसिसही जडतो. पहिल्या पाळीपासूनच असह्य दुखते, असे मुलगी म्हणाली तर हे डोक्यात यायलाच हवे.

तपासणीची भीती हे मुलीला न आणण्याचे एक मोठे कारण आहे. ‘कुमारिकेला आतून तपासतील’ ही धास्ती आया बोलून दाखवत नाहीत, पण असते. अशा मुलींना आतून तपासण्याची बहुतेक वेळा गरज नसते. नीट विचारपूस, पोट बाहेरून तपासणे आणि पोटावरून सोनोग्राफी यावर उपचार सुरू करता येतात. दुर्बिणीची शस्त्रक्रिया लागलीच तर तीही बेंबीजवळच्या छोट्या छेदातून होते. या विचारपुशीत दोन मिनिटे आईला बाहेर बसवून मुलीशी एकटीने बोलायला हवे. शेजारी परिचारिका असावी. बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग, आपल्याकडे ओटीपोटाचा क्षय, आणि कधी कोणाकडून होणारा त्रास, यांतल्या काही गोष्टी आईसमोर बाहेर येत नाहीत.

वेदनाशामकांनी भागले नाही तर पुढची पायरी संप्रेरकांची. आणि इथे घराघरांत लाल दिवा लागतो. ‘लग्नाआधी त्या गोळ्या?’ सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या माला-एन सारख्या गोळ्यांच्या पाकिटावर कुटुंबनियोजनाची ओळख इतकी ठसठशीत आहे, की ते पाकीट मुलीच्या दप्तरात सापडले तर काय, या विचारानेच बाप घाबरतो. ही गोळी बीज बाहेर पडणे थांबवते, अस्तर पातळ ठेवते, त्यामुळे प्रोस्टाग्लँडिन कमी आणि कळा कमी. बंद केल्यावर बीज पुन्हा बाहेर पडू लागते. तिने पुढे वंध्यत्व येत नाही. रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास, डोळ्यांपुढे लखलखाट होणारी अर्धशिशी, यकृताचे आजार असतील तर ती देत नाहीत, म्हणून ती डॉक्टरनेच द्यावी. एस्ट्रोजेन नको असेल तर फक्त प्रोजेस्टेरॉन गटातली औषधे आहेत: नॉरएथिस्टेरॉन, डायनोजेस्ट. वाढत्या वयात हाडांवर परिणाम करणारी काही जोरकस इंजेक्शने मात्र कोवळ्या मुलींना घाईने देऊ नयेत.

या भीतीतला विरोधाभास पाहण्यासारखा आहे. गौरी-गणपती आले, घरात सत्यनारायण किंवा भावाचे लग्न असले, की हेच घर मुलीला औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय पाळी पुढे ढकलण्याची गोळी आणून देते. ती गोळी म्हणजे बहुधा नॉरएथिस्टेरॉनच असते. जे औषध नैवेद्याला विटाळ नको म्हणून चालते, ते मुलीच्या वेदनेसाठी, डॉक्टरच्या देखरेखीखाली मात्र चालत नाही.

आता उलट बाजूही मांडायला हवी. एंडोमेट्रिऑसिस हे नाव गेल्या काही वर्षांत शहरांत बरेच ऐकू येऊ लागले आहे, आणि नावामागोमाग बाजारही येतो. पाळीत दुखते म्हणून सोळा वर्षांच्या मुलीची थेट दुर्बिणीची शस्त्रक्रिया करणे, बीजांडकोशात दिसलेली प्रत्येक गाठ काढायला धावणे, पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया करणे याने नुकसान होते. बीजांडकोशावर दरवेळी चाकू चालला की बीजांचा साठा घटतो. युरोपातील तज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शनात दुर्बिणीच्या तपासणीला निदानाची पहिली अट मानणे सोडून दिले आहे. शंका आली की औषध सुरू करा, औषधाने भागले नाही किंवा देता येत नसेल तर दुर्बीण, असा क्रम आता मान्य आहे. याचा एक मोठा फायदा ग्रामीण भागाला आहे. निदानाचे नाव पक्के होईपर्यंत मुलीला सोसायला लावण्याची गरज राहत नाही. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातही पहिले तीन ते सहा महिने तिच्यावर योग्य उपचार करता येतात, त्यासाठी पुण्या-मुंबईची वाट धरावी लागत नाही.

आणि ज्या वेदनेकडे पंधराव्या वर्षी कोणी पाहिले नाही, तिचे तिसाव्या वर्षी काय होते? बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळच्या पाहणीत ८२ हजार ३०९ स्त्रियांपैकी १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. पाळीत कामाचा खाडा झाला तर मुकादम दंड कापतो, फडावर आडोसा नाही, पाणी नाही. ओटीपोट दुखते, अंगावरून पांढरे जाते म्हणून गेले की ‘कॅन्सर होईल’ अशी भीती घातली जाते. त्यांतल्या किती जणींना एंडोमेट्रिऑसिस होता, किती जणींना साधा संसर्ग, हे आता कधीच कळणार नाही, कारण पिशवी काढण्याआधी तो प्रश्न नीट विचारलाच गेला नाही. एंडोमेट्रिऑसिसमध्ये आजार पिशवीबाहेर असतो, तेव्हा पिशवी काढूनही दुखणे राहू शकते. ज्या व्यवस्थेकडे मुलीच्या वेदनेवर द्यायला फक्त ‘सोस’ हा शब्द असतो, तिच्याकडे बाईच्या वेदनेवर द्यायला फक्त चाकू उरतो.

गेल्या दहा-बारा वर्षांत पाळीबद्दल सार्वजनिक बोलणे वाढले, हे चांगलेच झाले. २०१८ मध्ये राज्यात अस्मिता योजना आली, शाळांतल्या मुलींना स्वस्तात पॅड मिळू लागले. पण या सगळ्या बोलण्याचा रोख स्वच्छतेवर राहिला. पॅडचे वाटप फोटोत दिसते, वेदना दिसत नाही. पाळीच्या रजेचा वादही तसाच. केरळने २०२३ मध्ये विद्यापीठांतील विद्यार्थिनींना हजेरीत सवलत दिली, बिहारमध्ये सरकारी नोकरीतील स्त्रियांना १९९२ पासून महिन्याला दोन दिवस रजा आहे. रजा द्यावी, मात्र शाळकरी मुलीला दर महिन्याला दोन दिवस घरी बसण्याची मुभा देऊन, ती का बसते हे न विचारणे, ही सोय झाली, उपचार नव्हे.

विचारायची यंत्रणा हाताशी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा सरकारी व अनुदानित शाळेत येते. त्यांच्या किशोरवयीन मुलींच्या यादीत पाळीतील वेदनेचा प्रश्न आहेही. पण वर्गात, रांगेत, पुढे-मागे मैत्रिणी उभ्या असताना ‘पाळीत दुखतं का?’ असे विचारले तर उत्तर एक तर ‘नाही’ येते किंवा सगळ्याजणी ‘हो’ म्हणून हसतात. दोन्ही उत्तरांचा उपयोग नाही. त्याऐवजी ‘गेल्या तीन महिन्यांत पाळीमुळे किती दिवस शाळा बुडाली?’ असे स्वतंत्रपणे विचारावे, आणि तीन किंवा अधिक दिवस म्हणणारीला उपजिल्हा रुग्णालयातल्या मैत्री क्लिनिकची चिठ्ठी द्यावी. पथकाला हजेरीपट पाहायला मिळाला तर अर्धे काम तिथेच होईल. त्या क्लिनिकमध्ये ठरावीक दिवशी महिला डॉक्टर किंवा समुपदेशक हजर हवी. दार उघडे आणि खुर्ची रिकामी असे चित्र असेल तर चिठ्ठीला अर्थ नाही. शाळेच्या कपाटात आयोडीन आणि पट्टीच्या शेजारी गरम पाण्याची एक पिशवी ठेवायला तर कोणताही शासननिर्णय लागत नाही.

आईने मुलीला आणताना एक साधे टिपण सोबत आणले तर डॉक्टरचे निम्मे काम होते. घरातल्या दिनदर्शिकेवर, ज्यावर गॅसचा नंबर आणि दूधवाल्याचे खाडे लिहिलेले असतात, त्याच चौकोनांत तीन महिने लिहावे: पाळी कधी आली, किती दिवस दुखले, पाळी नसतानाही दुखले का, गोळी कधी घेतली आणि किती वेळाने आराम पडला, शाळा बुडाली का. दुखणे शून्य ते दहामध्ये किती, हे मुलीने स्वतः लिहावे, आईने नव्हे.

डॉक्टरच्या बाजूने एवढे व्हावे की ‘दुखलं तर घ्या’ असे मोघम लिहून केसपेपर परत देऊ नये. गोळी कधी सुरू करायची, किती तासांनी, किती दिवस, हे मराठीत लिहावे. खाली तीन महिन्यांनंतरची फेरतपासणीची तारीख घालावी. आणि ती तारीख सहामाही परीक्षेत येत नाही ना, एवढे मुलीला विचारून घ्यावे.